डेझर्टेशनचा प्रश्न दोन ओळीत कसा लिहायचा? (एमएस्सी स्टॅट, विषय मराठवाड्यातला पाऊस)

गोदातीर
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या पॅटर्नमध्ये तिसऱ्या सेमला ४ क्रेडिटचा आणि चौथ्या सेमला ६ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट आहे, तोच वाढवत नेऊन शेवटी डेझर्टेशन म्हणून द्यायचा. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, घरी सोयाबीन आणि कापूस, त्यामुळे करायचं तर पावसावरच करायचं हे माझं पहिल्यापासून पक्कं आहे. गाईड मॅडमना मी विषय दिला होता 'मशीन लर्निंग वापरून मराठवाड्यातील पर्जन्यमान व पीक उत्पादनाचा अंदाज'. मॅडम रागावल्या वगैरे नाहीत, फक्त म्हणाल्या की यातला प्रश्न काय आहे तो मला दोन ओळीत लिहून आण. आता लिहायला बसलं की पान भरतंय पण दोन ओळी काही होत नाहीयेत. ज्यांनी गणित किंवा स्टॅटमध्ये डेझर्टेशन केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, प्रश्न बारीक कसा करायचा?

घाटमाथा
गोदातीर, तुझ्या मॅडमनी नेमकं तेच विचारलंय जे विचारायला हवं. 'पावसाचा अंदाज' हा विषय झाला, प्रश्न नाही. मी कॉलेजात स्टॅट शिकवतो, दरवर्षी बघतो की मुलं आधी पद्धत पकडतात, सध्या रँडम फॉरेस्ट आणि एलएसटीएम या मशीन लर्निंगच्या पद्धतींचा जोर आहे, आणि मग त्या पद्धतीला चालेल असा डेटा धुंडाळत बसतात. हवामान खात्याचा डेटा १९०१ पासून धरलास तरी वर्षाला एक आकडा म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर आकडे, त्यात न्यूरल नेटवर्क काय शिकणार? आणि पिकाचं उत्पादन पावसाशिवाय वाण, खत, कीड, सिंचन, भाव या सगळ्यावर हलतं, ते एका डेझर्टेशनमध्ये मावणारच नाही.

तू शेतकऱ्याच्या घरातली आहेस ना, मग घरातल्यांना विचार की पावसाच्या बाबतीत तुम्हाला कशाची धास्ती वाटते. त्याचं जे उत्तर येईल त्यातून प्रश्न काढ.

गोदातीर
सर, ते विचारायची गरजच नाही, बाबा दरवर्षी एकच बोलतात. एकूण पाऊस किती झाला याला काही अर्थ नाही, खंड किती पडला ते सांग. ऑगस्टमध्ये शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे उघडीप राहिली की सोयाबीन गेलं, मग सप्टेंबरात कितीही पडू दे.

घाटमाथा
झालं की मग! हाच तुझा विषय. एकूण पाऊस नाही, पावसाचा खंड.

आता त्याची व्याख्या कर. हवामान खातं २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस पडलेल्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतं. म्हणजे सलग २.५ मिमीच्या खालचे दिवस मोजायचे, जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांतला सगळ्यात लांब खंड किती दिवसांचा होता हा त्या वर्षाचा आकडा. असे आकडे वर्षागणिक मांडले की प्रश्न विचारता येतो, हा खंड लांबत चाललाय का? लांबत असेल तर किती? याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा 'इतके दिवस' असं देता येतं आणि तिन्ही उत्तरं तितकीच मोलाची आहेत. 'नाही' आलं म्हणून डेझर्टेशन फसलं असं अजिबात नसतं, हे मुलांना पटवून देता देता माझा घसा कोरडा पडतो.

केतकी_के
+१. मी पावसाच्या डेटावरच काम करते म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण पहिला महिना नेमका याच गोष्टी खातात.

डेटा हवामान खात्याच्या पुण्याच्या साइटवर फुकट मिळतो, रोजचा ग्रिडेड पाऊस, म्हणजे नकाशावर ०.२५ अंशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीला एक आकडा, १९०१ पासून, वर्षाला एक फाइल. पूर्ण भारतासाठी १३५ गुणिले १२९ बिंदू असतात, जिथे डेटा नाही तिथे -९९९ भरलेला असतो. तो आधी काढ, नाहीतर समुद्रकाठच्या जिल्ह्यांची सरासरी उणे येते आणि माणूस दोन दिवस कोड तपासत बसतो. तुझ्या मराठवाड्यात समुद्र नाही पण सवय आत्ताच लावून घे.

आता महत्त्वाचं. मराठवाड्याचं क्षेत्र साधारण ६४ हजार चौरस किमी, म्हणजे अंदाजे ऐंशी-नव्वद चौकटी. मुलं काय करतात तर रोजचा पाऊस या सगळ्या चौकटींवर सरासरी काढून एक मालिका बनवतात आणि त्यावर खंड मोजतात. असं करू नकोस!! समज एखाद्या दिवशी नांदेडकडे ४० मिमी पडला आणि बाकी सगळीकडे कोरडं आहे. ज्या चौकटींमध्ये पडला त्या दहा टक्के जरी असल्या तरी सरासरी ४ मिमी येते, २.५ च्या वर, म्हणजे कागदावर पूर्ण मराठवाड्याचा खंड मोडला, आणि बीडच्या शेतकऱ्याला थेंब मिळालेला नाही. म्हणून आधी प्रत्येक चौकटीत स्वतंत्रपणे सगळ्यात लांब खंड काढायचा, आणि मग त्या ऐंशी-नव्वद आकड्यांचा मध्यक किंवा सरासरी घ्यायची. दोन्ही रीतींनी काढून एकाच आलेखात शेजारी ठेव, फरक बघून तुझ्या मॅडमसुद्धा खूश होतील, आणि डेझर्टेशनचं अर्धं प्रकरण त्यातच तयार होईल.

रब्बी_हंगाम
केतकीताईंनी चांगलं लिहिलं आहे, त्यात एक भर घालतो. मी सांख्यिकी शाखेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. या चौकटींमधला पाऊस प्रत्यक्ष मोजलेला नसतो हे पोरांनी विसरू नये. मोजतात ते पर्जन्यमापकात, सकाळी साडेआठला, म्हणजे १० तारखेला नोंदलेला पाऊस हा ९ च्या साडेआठपासून १० च्या साडेआठपर्यंतचा असतो. त्या केंद्रांच्या नोंदींवरून मधल्या जागांचे आकडे गणिताने भरतात. केंद्रांची संख्या सगळ्या वर्षांत सारखी नव्हती. जिथे केंद्र लांब आहे तिथे शेजारच्या पावसाचा अंश चौकटीत पसरतो आणि न पडलेला बारीक पाऊस कागदावर पडतो, खंड त्यामुळे आखूड दिसू शकतो. म्हणून मुली, तुझ्या जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या केंद्राची प्रत्यक्ष नोंद मिळवून ती चौकटीशी ताडून बघ. अलीकडच्या वर्षांसाठी महसूल मंडळनिहाय महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे आहेत, पण ती मालिका छोटी आहे, कल सांगायला पुरणार नाही, ताडून बघायला उपयोगी.

आमच्या वेळी पीक कापणी प्रयोगाला आम्ही स्वतः शेतात उभे राहायचो. रँडम आकड्यांवरून शेत निवडायचं, शेतातला तुकडाही रँडम, दोरी लावायची, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं. चांगलं पीक दिसतं तिथे दोरी सरकवायची नाही, मालक कितीही म्हणाला तरी. देशात ही पद्धत रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते पां. वा. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. आकडा कुठून आला ते ज्याला माहीत आहे त्यानेच त्यावर बोलावं असं मला मनापासून वाटतं.

गोदातीर
काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. केतकीताई, चौकटीनिहाय करते. आता कल आहे का ते बघायला मॅन-केंडल टेस्ट आणि तो किती आहे ते काढायला सेन स्लोप वापरू का? सगळ्या पेपरांत तेच दिसतंय.

घाटमाथा
वापर, पण ती टेस्ट कशावर उभी आहे ते लिहिल्याशिवाय नको. मॅन-केंडलमध्ये आपण वर्षांच्या जोड्या घेतो, नंतरचं वर्ष आधीच्यापेक्षा मोठं असेल तर अधिक एक, लहान असेल तर उणे एक, आणि बेरीज. तुझ्या बाबतीत दोन गोष्टी बघाव्या लागतील.

एक, खंड पूर्ण दिवसांत मोजलाय म्हणजे १४, १७, १४ असे तेच आकडे पुन्हा पुन्हा येणार, तर टायचं (बरोबरीत सुटलेल्या जोड्यांचं) करेक्शन घातलेलं व्हेरिअन्सचं सूत्र हवं. (चौकटींचा मध्यक घेतलास तर टाय कमी होतील, पण एकेका चौकटीवर करताना येणारच.)

दोन, ऑटोकोरिलेशन, म्हणजे एका वर्षाच्या आकड्याचा आधीच्या वर्षांशी संबंध. टेस्ट धरून चालते की वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. नसतील तर? हे पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा स्वतः करून बघ. आर या सॉफ्टवेअरमध्ये शंभर आकड्यांची एआर-वन मालिका (प्रत्येक आकडा आदल्यावर काही अंशी अवलंबून) बनव जिच्यात कल शून्य आहे आणि लागोपाठच्या वर्षांतला सहसंबंध ०.३ आहे, त्यावर मॅन-केंडल लाव, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली का ते नोंदव, आणि हे पाच हजार वेळा कर. सहसंबंध शून्य असताना पाच टक्क्यांच्या आसपास वेळा कल 'सापडेल', ०.३ ला हे प्रमाण साधारण पंधरा टक्क्यांच्या घरात जाईल. म्हणजे नसलेला कल तिप्पट वेळा सापडतो! मान्सूनच्या पावसात वर्षावर्षातला सहसंबंध बहुधा कमीच असतो, भूजल पातळी किंवा तापमान घेतलं असतंस तर जास्त त्रास झाला असता, पण 'बहुधा' हा शब्द व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) चालत नाही, काढून दाखवायला लागतं. हे सिम्युलेशन पानभराचं आहे आणि माझ्या मते डेझर्टेशनमध्ये विद्यार्थ्याचा स्वतःचा हात दिसतो तो अशाच पानात.

केतकी_के
आणि जिल्हानिहाय-महिनानिहाय टेस्टचा सडा घालू नकोस. ८ जिल्हे गुणिले ४ महिने म्हणजे ३२ टेस्ट, कुठेच काही नसलं तरी ५ टक्क्यांच्या हिशोबाने सरासरी १.६ ठिकाणी तारांकित, म्हणजे 'लक्षणीय', निकाल येणार. मग 'परभणीत जुलैमध्ये लक्षणीय वाढ' असं ठळक अक्षरात छापलं जातं. करायचंच असेल तर बेंजामिनी-हॉकबर्ग (अनेक टेस्ट एकदम केल्याची दुरुस्ती) लाव, आणि शेजारचे जिल्हे एकाच ढगाखाली असतात हेही लक्षात ठेव, ते ८ वेगळे पुरावे नाहीत.

अजून एक, मालिका कुठे संपवतेस. २०१५ ला संपवलीस तर शेवटी २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दुष्काळी वर्षं येतात, ज्यानंतर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०२१ ला संपवलीस तर शेवटी अतिवृष्टीचं वर्ष येतं. सुरुवातीचं आणि शेवटचं वर्ष डेटा बघायच्या आधी ठरव आणि कारणासकट लिहून ठेव, मग दोन-चार वेगळी टोकं घेऊन निकाल किती हलतो ते परिशिष्टात दे.

मुळा_मुठा
धागा वाचतोय, थोडं विषयांतर करतो. मी एमएस्सी मॅथ्सला आहे, मला डेटा वगैरे काही नको, प्युअर मॅथ्समध्ये करायचंय पण सगळे म्हणतात प्युअरमध्ये एमएस्सीला नवीन काही होत नाही, नुसतं पुस्तकातलं उतरवायचं. हे खरंय का? मग त्याला अर्थ काय?

शून्यलब्धी
नाही रे, उतरवणं आणि समजून मांडणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. एमएस्सीला नवीन प्रमेय कोणी मागत नाही. मागतात ते असं की एखादा निकाल तू सगळ्या पायऱ्यांसकट, 'हे उघड आहे' म्हणून सोडलेल्या जागा भरून, स्वतःच्या उदाहरणांसह मांडावास, आणि एखादी अट काढली तर काय बिघडतं ते दाखवावंस.

उदाहरण आपल्या मातीतलंच घेतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर, त्यांचा ६१७४. चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो. हे सगळ्यांनी व्हॉट्सॅपवर वाचलंय. पण सिद्धता? कोणी म्हणेल कॉम्प्युटरवर सगळ्या संख्या तपासा. आता बघ, अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असले तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ-ड) अधिक ९० गुणिले (ब-क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे! पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्यापर्यंत, एकूण जोड्या ५४. पुढे शून्य लावलेल्या धरून ज्या ९९९० संख्या तपासायच्या होत्या त्या ५४ वर आल्या, हातानेही होतात. ६१७४ स्वतः म्हणजे फरक ६ आणि २, ५९९४ अधिक १८०.

इथून डेझर्टेशन सुरू होतं. तीन अंकांना ४९५ येतो. दोन अंकांना एक संख्या येतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९ असं चक्र फिरतं. पाच अंकांना तीन वेगळी चक्रं आहेत. असं का? संख्या लिहायचा पाया दहा (दशमान पद्धत) सोडून दुसरा घेतला तर? कुठल्या पायात चार अंकांना एकच स्थिर संख्या मिळते? यातलं बरंच आधी झालेलं आहे, ते शोधून वाचायचं, स्वतःच्या चिन्हांत लिहायचं, आणि एखाद्या पायासाठी पूर्ण तक्ता स्वतः काढायचा. गाईडला बीजगणितात जास्त खोल हवं असेल तर दुसरा विषय घ्या, पण रीत हीच.

टेम्सकाठ
इंग्लंडमधून लिहितोय, इकडे स्टॅटचं मास्टर्स केलं. इथे १८० क्रेडिटपैकी ६० डेझर्टेशनचे असतात आणि ते बहुतेक उन्हाळ्यात होतं, जून ते सप्टेंबर, लेक्चर बंद, फक्त हेच काम. वेळ सलग मिळतो हा फायदा, पण गाईडची भेट मोजकी. मला ज्याचा सगळ्यात उपयोग झाला ते सांगतो. प्रत्येक भेटीआधी एक पान लिहून पाठवायचं, काय केलं, काय अडलं, पुढे काय करणार. तोंडी सांगितलं की समोरचा 'बरं बरं' म्हणतो, लिहिलेलं असलं की लगेच बोट ठेवतो. शेवटी हीच पानं जोडून प्रकरणं होतात. आणि कच्च्या फाइलपासून शेवटच्या आलेखापर्यंत सगळं एका स्क्रिप्टमधून निघायला हवं, मधे एक्सेलमध्ये हाताने काही बदलायचं नाही. गाईडने आदल्या आठवड्यात '२.५ ऐवजी ५ मिमी घेऊन बघ' म्हटलं तर एक आकडा बदलून सगळं परत चालवता आलं पाहिजे.

सांजसकाळ
मी पण स्टॅटलाच. आमच्या ग्रुपने ठरवलंय गुगल फॉर्म काढून मोबाइलचा वापर आणि झोप यावर सर्व्हे करायचा, दोन्हींत संबंध आहे का ते बघायला काय-स्क्वेअर टेस्ट लावायची. सोपं पडेल ना?

घाटमाथा
सांजसकाळ, स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. लिंक तुमच्या ओळखीच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरणार, भरणारे तुमचेच मित्र आणि त्यांचे मित्र. त्यावर काय-स्क्वेअर लावून 'तरुणांमध्ये' असं वाक्य लिहायचा अधिकार मिळत नाही, कारण कुठल्या लोकसंख्येतून कोणत्या संभाव्यतेने नमुना आला ते कोणालाच माहीत नाही. स्वतःचा सर्व्हे करायचाच असेल तर लोकसंख्या छोटी घ्या, समजा तुमच्याच कॉलेजची मुलं, हजेरीपटाच्या यादीवरून रँडम निवडा आणि निवडलेल्यांच्या मागे लागून माहिती मिळवा. किती जणांनी नकार दिला तेही लिहा.

नाहीतर सरकारी सर्वेक्षणांचा युनिट लेव्हल (एकेका कुटुंबाचा) डेटा उघडा आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात २,६१,७४६ कुटुंबं आहेत. एवढा डेटा तयार असताना तीस प्रश्नांचा फॉर्म कशाला? त्यात वेट (नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचं तो आकडा) कसे वापरायचे, ते न वापरता सरासरी काढली तर किती घसरते, एवढ्यावरसुद्धा चांगलं डेझर्टेशन होईल.

शून्यलब्धी
लिहिण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. लेटेक (गणिती मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर) पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या, ओव्हरलीफ या त्याच्या ऑनलाइन साइटवर सुरुवात करा, शेवटच्या महिन्यात वर्डमधली समीकरणं सरळ करत बसणं फार जिवावर येतं. प्लेजरिझमचं म्हणाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, आणि प्रमाणित समीकरणं, चिन्हं, नियम त्यातून वगळलेले आहेत, त्यामुळे प्रमेयाचं विधान ठरलेल्या शब्दांत आलं म्हणून घाबरू नका. सिद्धता मात्र पुस्तक मिटून लिहा. अडलं तर उघडून बघा, परत मिटा, परत लिहा. असं लिहिलेली सिद्धता तुम्हाला व्हायव्हात फळ्यावर करता येते. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जुने प्रबंध बघून मांडणीचा अंदाज घ्या, पण ते पीएचडीचे असतात, आकार बघून दडपून जाऊ नका.

रब्बी_हंगाम
व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक बहुधा एकाच गोष्टीपासून सुरुवात करतात, हा आकडा कुठून आणला. त्याचं उत्तर नीट आलं की पुढचं सोपं जातं.

गोदातीर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना फोनवर विचारलं, किती दिवसांचा खंड झाला की भीती वाटते, तर म्हणाले आपल्या काळ्या जमिनीत पंधरा दिवस निघतात, माळाच्या हलक्या जमिनीत आठ-दहा दिवसांतच पीक मान टाकतं. म्हणजे जमिनीवर पण आहे ते, पण मी ते यात घेणार नाही, फक्त मर्यादांमध्ये लिहीन. दोन ओळी अशा जमल्यात, बघा:

'१९५१ ते २०२० या काळात मराठवाड्यात जून ते सप्टेंबरमधला पावसाचा सर्वांत लांब खंड वाढला आहे का, आणि वाढला असल्यास दर दशकाला किती दिवसांनी? आधी क्षेत्राची सरासरी काढून खंड मोजला तर हे उत्तर बदलतं का?'

१९५१ घेतलं कारण काकांनी केंद्रांबद्दल सांगितलं, फार जुन्या वर्षांत केंद्रं कमी असतील असं धरलंय, ते तपासून पक्कं करेन. २०२० हे गोल वर्ष म्हणून, निकाल बघून नाही. सात पूर्ण दशकं होतात.

केतकी_के
दुसरा प्रश्न फार आवडला. जून ते सप्टेंबर धरताना एक बघ, मान्सून उशिरा आला तर जूनचे कोरडे दिवससुद्धा खंडात मोजले जातील. तो खंड नाही, ती उशिरा सुरुवात, आणि तेव्हा पेरणीच झालेली नसते. एकतर १ जुलैपासून मोज किंवा चौकटीत पहिला ठरावीक पाऊस झाल्यावर मोजायला लाग. मी तुझ्या जागी असते तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर घेतलं असतं, सोपं आणि बाबांच्या शेंगा भरायच्या काळाला जुळणारं.

गोदातीर
हो ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. १ जुलैपासून घेते, ९२ दिवस.

घाटमाथा
छान. दोन ओळींच्या खाली खंडाची व्याख्या लिहून टाक, सलग २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे दिवस, नाहीतर मॅडमचा पहिला प्रश्न तोच येईल. आणि पूर्ण मराठवाडा उतरवायच्या आधी तुमच्या गावावरची एकच चौकट घे, एका वर्षाचे ९२ आकडे कागदावर मांड, हाताने खंड मोज आणि कोडचं उत्तर तेच येतं का बघ. आलं की इथे टाक.